पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज १७ वरून १४ वर आले; नेमके काय तपासावे?

अंजनीकाठ (एरंडोल)

नमस्कार. माझी पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक २०१५ ची असून शाळेच्या निमित्ताने एरंडोल ते जळगाव असे तिचे रोजचे जाणे-येणे आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत लिटरमागे १७ किलोमीटर मिळत असत. आता १४ च्या वर आकडा जात नाही. महिन्याला साधारण १,५०० किलोमीटर धरले, तर पूर्वी ८८ लिटरमध्ये भागत होते, तिथे आता १०७ लिटर लागतात, आणि पेट्रोल शंभरीच्या पुढे असताना हा फरक पगाराला जाणवतो.

सल्ले मात्र भरपूर मिळतात. कोणी म्हणते पहाटे पेट्रोल भरा, कोणी म्हणते टायरमध्ये नायट्रोजन भरा, आणि आमचे एक नातेवाईक कन्नड घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडायला सांगतात. एका गॅरेजवाल्याने तर टाकीत ओतायची बाटलीच पुढे केली. यांपैकी कशात तथ्य आहे आणि सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी सांगावे.

चाळीसगावकर

ताई, बाटली घेऊ नका. आधी ॲव्हरेज नीट मोजा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिपमीटर शून्य करा, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरून चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. असे तीन-चार टाक्यांचे आकडे हाती आले की बोलण्याला अर्थ येतो.

तुमच्या घसरणीतला काही भाग इंधनाचाच आहे आणि त्याला तुमचा इलाज नाही. आता सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींना अशा मिश्रणावर ६ ते ७ टक्के घट येईल असे म्हटले होते. पण १७ वरून १४ म्हणजे जवळपास १८ टक्के घट झाली. तेव्हा उरलेले ११-१२ टक्के गाडीत आणि चालवण्यात शोधावे लागतील.

चालवण्यात सर्वांत मोठा वाटा वेगाचा आहे. पूर्वी पाळधीच्या आसपास वाहनांच्या रांगेत रखडावे लागे. चौपदरी रस्ता झाल्यापासून प्रत्येकाचा काटा शंभराकडे झुकतो, तुमचाही झुकत असेल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेलात की तो दीडपटीहून अधिक होतो, आणि एरंडोल-जळगाव एवढ्या अंतरात वाचतात ती जेमतेम चार-पाच मिनिटे, जी पुढे आकाशवाणी चौकातल्या सिग्नलवर परत द्यावी लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे दाबून पिकअप घेणे आणि लगेच कचकन ब्रेक मारणे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार अशा चालवण्याने महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत १० ते ४० टक्के ॲव्हरेज घटू शकते. पुढचा सिग्नल लाल दिसला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी गिअरमध्येच येऊ द्यावी. ब्रेक पॅडही टिकतात.

पहाटे पेट्रोल भरण्याचे म्हणाल, तर पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथले तापमान दिवसभरात फारसे हलत नाही, त्यामुळे झोप मोडण्याइतका फायदा त्यात नाही. नायट्रोजनचेही तसेच, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. टायरमध्ये काय भरले यापेक्षा किती भरले हे महत्त्वाचे.

वर्कशॉपवाला (भुसावळ)

वरील दादांचे म्हणणे पटले. हवेविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात इथेच गफलत होते. किती हवा भरायची याचे स्टिकर बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर असते, आणि तो आकडा थंड टायरचा असतो. मे महिन्यात भर दुपारी महामार्गावरून येऊन हवा तपासली की तापलेला टायर तीन-चार पॉइंट जास्त दाखवतो, मग हवा भरणारा मुलगा ‘जास्त आहे’ म्हणून हवा सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर कमी हवेवर धावतो. हवा कमी म्हणजे रस्त्याशी घर्षण जास्त, पेट्रोल जास्त, शिवाय टायरच्या कडा झिजतात. हवा सकाळी, घराजवळच्या पंपावर तपासावी.

एअर फिल्टरच्या नावावर गिऱ्हाईकाला घाबरवण्याची पद्धत आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत फिल्टर तुंबला की ॲव्हरेज पडत असे. तुमच्यासारख्या इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल किती सोडायचे ते संगणक ठरवतो, पिकअप मंदावतो, ॲव्हरेज फारसे हलत नाही. तरीही कापसाच्या हंगामात आपल्याकडे धूळ आणि तंतू मिळून फिल्टरवर राखाडी गोधडीसारखा थर बसतो, तेव्हा तो वेळेवर बदलावा. इंजिन ऑइल मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच असावे, जाड ऑइल ‘इंजिनला चांगले’ म्हणून टाकून घेऊ नये.

एसी बंद ठेवून ४४ अंशांत जीव मारू नका. उन्हात उभी केलेली गाडी निघताना काचा उघडून आतली गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावून आतलीच हवा फिरती ठेवा. शाळेसमोर एसी चालू ठेवून कोणाची वाट पाहत बसणे मात्र टाळा. उभ्या गाडीचे इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर सहज पिते.

एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरत गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या, रिमला स्पर्श करू नका. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागले, तर तिथे ब्रेक पूर्ण सुटत नाही असे समजा.

सातपुडा पायथा (चोपडा)

न्यूट्रलबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनचे पेट्रोल बंद होते, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात; उलट न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल लागते. म्हणजे कन्नड घाटात न्यूट्रलने बचत होत नाहीच, वर इंजिनचा अटकाव गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो आणि वळणावर तापलेले ब्रेक दगा देतात. आपल्या नातेवाइकांना आदरपूर्वक नकार द्यावा.

अंजनीकाठ (एरंडोल)

सर्वांचे आभार. आज सांगितल्याप्रमाणे रिमजवळ हात नेऊन पाहिला. मागचे डावे चाक खरोखर गरम आहे, बाकीची तीन सारखी आहेत. वेग ८० च्या आत ठेवायला सुरुवात केली आहे. गॅरेजमध्ये नेमके काय सांगू?

वर्कशॉपवाला (भुसावळ)

ताई, मागे बहुधा ड्रम ब्रेक असतील. मागची बाजू जॅकवर घेऊन, हँडब्रेक सोडून दोन्ही चाके हाताने फिरवायला सांगा आणि ती फिरताना तुम्ही समोर उभ्या राहा. डावे अडत असेल, तर आधी हँडब्रेकची केबल अडकते का ते पाहायचे, मग ड्रम उघडून व्हील सिलिंडर (ब्रेक शू बाहेर ढकलणारा भाग) आणि ब्रेक शूच्या (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांच्या) स्प्रिंगा. केबलला ग्रीस लावून काम भागत असेल, तर पूर्ण ब्रेक किट बदलू देऊ नका.