मराठी वेबसाइटचं डिझाइन आधी मराठीतच व्हायला हवं. पटतं का?

अक्षरवेडी, पुणे

सात जणांच्या एका छोट्या डिझाइन एजन्सीत मी काम करते. आमच्याकडे आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक एजन्सींत मराठी वेबसाइट अशी बनते: फिग्मा या डिझाइनच्या साधनात इंग्रजी मजकूर भरून पानं तयार करायची, क्लायंटची मंजुरी घ्यायची, कोडिंग उरकायचं आणि शेवटच्या आठवड्यात भाषांतर हाती आलं की ते त्या साच्यात ओतायचं. ही पद्धत आपण बंद करायला हवी, असं माझं ठाम मत झालं आहे.

निमित्त ताजं आहे. सह्याद्रीत ट्रेक नेणाऱ्या एका मंडळींची साइट आम्ही केली. इंग्रजी पानावर दोन ओळींचा मोठा मथळा होता, ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.१ पट. दिसायला देखणा. मराठी मथळा आला: ‘कळसूबाईच्या माथ्यावर’ आणि खालच्या ओळीत ‘सूर्योदय पाहूया’. वरच्या ‘सू’चा उकार खालच्या ‘र्यो’च्या मात्रेत आणि रफारात जाऊन अडकला. वरच्या मेन्यूत इंग्रजी अक्षरं थोडी लांब लांब ठेवली होती. मराठीत त्याने शिरोरेषाच तुटली, शब्दाचे तुकडे झाले. ट्रेकच्या यादीत लांब नावं १८ चिन्हांवर कापायची सोय होती, तिथे ‘पाचनई मार्गे हरिश्चंद्रगड’चं झालं ‘पाचनई मार्गे हरिश्’. पाय मोडलेला श आणि पुढे तीन टिंबं. शिवाय एका परिच्छेदात ‘खोल दर्या’ छापलं गेलं. दऱ्यांचा दर्या झाला, म्हणजे डोंगराचा समुद्र.

यातलं बरंचसं आम्ही दोन दिवसांत दुरुस्त केलं. पण एक गोष्ट दुरुस्त होईना. इंग्रजी पानावर लहान आकाराची, सगळी कॅपिटल अक्षरातली लेबलं होती: कालावधी, चढाईची श्रेणी, शुल्क. मोठं काय, दुय्यम काय, हे तीच सांगत होती. मराठीला कॅपिटल नाहीत. ती लेबलं मजकुरात विरघळून गेली आणि पान सपाट झालं. यावर सीएसएसची, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडची, एक ओळ लिहून भागत नाही, आकार, जाडी, रंग, मोकळी जागा यांचा विचार मुळापासून करावा लागतो. तो करायला आमच्याकडे वेळ उरला नव्हता.

म्हणून म्हणते, पहिलं पान खऱ्या मराठी मजकुरावर करा, फाँट मराठी बघून निवडा आणि इंग्रजी नंतर बसवा. इंग्रजी कुठेही बसते.

फ्रंटएंडवाला, ठाणे

ताई, दुखणं खरं आहे, पण ‘फाँट मराठी बघून निवडा’ इथे मी थांबतो. वेगळा फाँट म्हणजे वाचणाऱ्याने उतरवून घ्यायची वेगळी फाइल. युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, देवनागरी कोष्टकात जागा १२८च आहेत, पण फाँटात अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफाराची रूपं धरून शेकडो आकृत्या लागतात. मी मोजलेल्या फाँटांत देवनागरीची एक फाइल साध्या इंग्रजी फाइलच्या तिप्पट-चौपट भरली आहे. त्यात साधं, ठळक आणि मथळ्याचं अशी तीन वजनं, म्हणजे अक्षराच्या जाड्या, मागितलीत तर हिशेब तुम्हीच करा.

तुमच्या ट्रेकवाल्यांचं गिऱ्हाईक साइट कुठे उघडतं? भंडारदऱ्याच्या वाटेवर, एसटीत, नेटवर्कची एक काडी असताना. ‘उद्या जमायचं कुठे’ एवढंच त्याला हवं असतं. अँड्रॉइडमध्ये नोटो सान्स देवनागरी असतो, आयफोनमध्ये कोहिनूर देवनागरी, विंडोजमध्ये ८ पासून निर्मला. त्याआधीचा मंगल तर सुलेखनकार र. कृ. जोशींच्या हातचा. हे फाँट जाणकारांनी केलेले आहेत आणि फुकट, आधीच फोनात आहेत. मी तरी मराठी मजकुराला हे सिस्टिम फाँटच लावतो आणि पान दोन सेकंदांत उघडतं याचं मला समाधान आहे.

अक्षरवेडी, पुणे

दादा, वेगाबद्दल वाद नाही. पण मी मांडलेल्या पाच बिघाडांपैकी एकालाही फाँटची फाइल लागत नाही, हे बघा. ओळींमधलं अंतर १.१ वरून १.५ करायला एक बाइटही जास्त लागत नाही. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवायला लागत नाही. ‘दऱ्या’ बरोबर टाइप करायलाही नाही. आधी मराठीत बघितलं असतं तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. तुमचा सिस्टिम फाँट ठेवूनही माझा मुद्दा तसाच उभा राहतो.

मुदत सांभाळणारी, नवी मुंबई

मी एका एजन्सीत प्रकल्प बघते, त्यामुळे ही बाजूही मांडते. मराठी मजकूर पहिल्या दिवशी देणार कोण? क्लायंटकडे तो नसतो. त्यांचं माहितीपत्रक इंग्रजीत, मंजुरी देणारे साहेब इंग्रजी पानावरच खुणा करून पाठवणार, आणि भाषांतर साइट सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी वर्डच्या फाइलमधून येणार. मागच्या वर्षी एका कामात ते रात्री साडेदहाला आलं, छपाईसाठीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या डीटीपी फाँटात. युनिकोडमध्ये बदलून घेतलं तर निम्म्या वेलांट्या जागेवरून हललेल्या. आमची दोन मुलं पहाटेपर्यंत बसून ओळ न् ओळ ताडून बघत होती.

अशा वेळी ‘मराठी आधी’ म्हणजे क्लायंटला सांगायचं, तीन आठवडे थांबा आणि लेखकाचे पैसे वेगळे द्या. लहान संस्था ते देत नाहीत. दुसऱ्या एजन्सीकडे जातात, तिथे भाषांतराचं बटण लावून मिळतं. मग मराठीचं भलं कुणी केलं? इंग्रजी साचा आधी करून त्यात मराठीला पुरेशी जागा ठेवणं, हा मला परवडणारा आणि प्रामाणिक मार्ग वाटतो.

मुद्रितशोधक, कोल्हापूर

जुन्या फाँटातून मजकूर बदलून घेतल्यावर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, हे मी २६ वर्षं डीटीपी आणि मुद्रितशोधनात रोज बघत आलो आहे. या ‘ऱ्य’ची गंमत ऐकण्यासारखी आहे. ट्रेकच्या एकाच पानावर ‘दऱ्या’ आडव्या र ने यायला हवं आणि ‘गिर्यारोहण’ रफाराने. दोन्ही बरोबर. ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर जेवण शिजेल, ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर प्रवचन होईल. हा भेद मराठीने जपलेला आहे आणि युनिकोडमध्ये नुक्त्याच्या ऱ पासून तो नीट लिहिता येतो. चूक यंत्राची नाही, तपासणारा माणूस शेवटी बोलावला जातो ही आहे.

दुसरं, आकारांबद्दल. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श मान्य केले आहेत. युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांना वेगळे क्रमांक नाहीत, रूप फाँट ठरवतो. नोटोसारख्या फाँटात मराठी रूपं आहेत, पण पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये लिहिलं तरच ती बाहेर येतात. साचा इंग्रजी, म्हणून भाषेची नोंद इंग्रजी, म्हणून पानभर हिंदी वळणाचा, दांड्याचा ल. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तिथल्या देवनागरी खिळ्यांची, म्हणजे छापायच्या धातूच्या अक्षरांची, सुबकता नावाजली गेली. त्याच मुलखातली आपण माणसं, आणि आपल्याच पडद्यावर आपला ल दिसू नये याचं मला फार वाईट वाटतं.

दोन्ही लिपीवाला, नागपूर

काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून विरोध नोंदवतो. आम्ही विदर्भातली मुलं शाळेत मराठी आणि हिंदी दोन्ही पुस्तकं वाचत मोठी झालो. दांड्याचा ल दिसला म्हणून माझं वाचन अडखळत नाही. माझं वाचन अडखळतं ते भाषेवर. ‘सबमिट करा’, ‘अधिक जाणून घ्या’, ‘आपला अनुभव सुलभ करण्यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत’ हे मराठी कोण बोलतं? बटणावर ‘पाठवा’ पुरतं, ‘पुढे वाचा’ पुरतं. उकार अडकला ते ताईंना दिसलं, पण ‘सूर्योदय पाहूया’ हा मथळाच मला इंग्रजीतून आलेला वाटतो. ट्रेकला जाणारी पोरं ‘कळसूबाईला चला’ म्हणतात.

म्हणजे फाँटवर एवढा जीव टाकण्याआधी पहिल्या बैठकीला मराठी लिहिणारा माणूस बसवा. मजकूर मराठीत सुचला तर तो लहान होतो, आणि पानावरचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

ऐकून वाचणारा, सोलापूर

मला दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारे वाचक, फोनवर टॉकबॅक आणि संगणकावर एनव्हीडीए, वापरतो. पानाच्या भाषेची नोंद काकांना ल साठी हवी आहे, मला ती आवाजासाठी हवी आहे. ‘मराठी’ लिहिलेलं असेल तर हा वाचक मराठी आवाज निवडतो. ‘इंग्रजी’ लिहिलेलं असेल तर कधी अख्खा परिच्छेद गाळतो, कधी भलत्याच उच्चारात ओढत नेतो. ‘खोल दर्या’ तुम्ही बघून मनात दुरुस्त करून घ्याल. मला ऐकू येतो तो समुद्र. आणि मराठी सुंदर दिसावं म्हणून मथळ्यांची चित्रं करून टाकतात, तिथे तर माझ्यासाठी कोरी जागाच असते. तेवढं तरी कुणी करू नका.

फ्रंटएंडवाला, ठाणे

सोलापूरच्या भाऊंचं वाचून मी आत्ताच माझ्या चार साइटी उघडून बघितल्या. दोन ठिकाणी भाषा इंग्रजी निघाली. साचा उचलला तेव्हा ती ओळ तशीच राहिली होती. दोन्ही दुरुस्त केल्या. नावं कापण्याचंही तसंच. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर, पण जावास्क्रिप्टच्या मोजणीत चार चिन्हं, म्हणून ‘हरिश्’ होतं. नव्या ब्राउझरांत आता इंटल सेगमेंटर ही मजकुराचे तुकडे पाडायची सोय आहे, ती अक्षर अख्खं धरून कापते. हे मी मान्य करतो आणि उद्यापासून करतो.

पण मजकुरासाठी वेबफाँट, म्हणजे साइटबरोबर उतरवायची वेगळी फाइल, याला माझा विरोध कायम आहे. मथळ्यांपुरती फाइल लहान करून घ्या असं कुणी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. वापरलेली अक्षरंच ठेवून फाँट छाटला की पहिल्या दिवशी छान दिसतं. पुढच्या महिन्यात क्लायंट स्वतः नवा मथळा टाकतो, त्यात न ठेवलेलं जोडाक्षर येतं, आणि एकाच शब्दात अर्धी अक्षरं एका फाँटची, अर्धी दुसऱ्याची. नाहीतर ‘राष्ट्र’मधले ष, ट, र पाय मोडून वेगवेगळे उभे. इंग्रजीत २६ अक्षरं ठेवली की काम झालं. आपल्याकडे उद्या कुठलं जोडाक्षर लागेल ते आज सांगता येत नाही.

अक्षरवेडी, पुणे

छाटणीबद्दल तुमचं बरोबर आहे, मथळ्यांचा फाँट घ्यायचा तर पूर्ण देवनागरी संचच घ्यावा, एकाच वजनाचा. मी मजकूर सिस्टिम फाँटवर सोडायला तयार आहे. मथळा मात्र सोडणार नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या मंडळींनी मुक्ता, मोदक असे फाँट सर्वांना मोफत उपलब्ध करून दिले आहेत, ते वापरायचे नाहीत तर केले कशाला? ट्रेकवाल्यांची, पतसंस्थेची आणि दवाखान्याची साइट एकाच चेहऱ्याची दिसली तर आमच्या कामाला अर्थ काय राहिला? फक्त जे वजन उतरवलं तेच वापरायचं. साधं वजन आणून कोडमध्ये ठळक मागितलं की ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करतो आणि ‘ष्ट्र’च्या पोटातली पोकळी बुजून डाग दिसतो.

नागपूरच्या दादांनी मथळ्याबद्दल म्हटलं ते मला लागलं, कारण ते खरं आहे. ‘सनराइज’ शब्दापासूनच सुरुवात झाली होती. पण यातून माझीच बाजू पुढे जाते, मजकूर आधी मराठीत सुचायला हवा.

मुदत सांभाळणारी, नवी मुंबई

मला अजूनही अख्खी साइट मराठी-आधी करणं परवडत नाही, हे सांगूनच लिहिते. पुढच्या सोमवारी एका पतसंस्थेचं काम सुरू होतंय. मुखपृष्ठ, ठेवींचे दर आणि खातं उघडण्याचा अर्ज, या तीन पानांचा मराठी मजकूर आगाऊ पैसे देऊन लिहून घेण्याएवढी सोय मी करू शकते. बाकीची पानं जुन्या पद्धतीने. आराखडा तपासायला मुलांच्या हाती एक मराठी नमुना ओळ द्यायची आहे, ज्यात अडणारं सगळं असेल. कुणी देईल का?

अक्षरवेडी, पुणे

ही घ्या: ‘दऱ्याखोऱ्यांतल्या गिर्यारोहकांनी कळसूबाईवरून महाराष्ट्राचं उत्कृष्ट वाङ्मय धुंडाळलं.’ अर्थाकडे बघू नका. रफार, आडवा र, उकार, ‘ष्ट्र’, ‘ङ्म’, ळ, सगळं आहे. ही ओळ बटणावर, मेन्यूत आणि दोन ओळींच्या मथळ्यात टाकून बघायची.

मुद्रितशोधक, कोल्हापूर

त्यात ‘ऱ्हस्व’ घाला. आडवा र आणि ह ही जोडी बऱ्याच फाँटांत एकमेकांवर चढते. आणि पतसंस्था आहे तर आकडे मराठीत की इंग्रजीत, हे व्याजदराच्या तक्त्याआधी ठरवून घ्या. ५ आणि ६ लहान आकारात चटकन वेगळे ओळखू येतात का, हे माझ्या वयाच्या एखाद्या खातेदाराच्या हातात फोन देऊनच बघा.