बफेलोत घर घेतलंय, स्नो ब्लोअर कुठला घ्यावा?

कोथरूड_ते_बफेलो
नमस्कार मंडळी, गेल्या वर्षी बफेलोच्या दक्षिणेला घर घेतलं, पहिला हिवाळा फावड्यावर काढला आणि जानेवारीत पाठीत अशी उसण भरली की चार दिवस सरळ उभं राहता येईना. यंदा बर्फ उडवायचं मशीन आणायचंच. ड्राइव्हवे डांबरी आहे, साधारण ६० फूट लांब, दोन गाड्या शेजारी शेजारी मावतात. दुकानात सिंगल स्टेज, टू स्टेज, बॅटरीवाले बघून डोकं गरगरलं. मला बॅटरीवाला बरा वाटतोय, गॅस (म्हणजे पेट्रोल) नाही ऑइल नाही. बजेट हजार डॉलर, फार ताणलं तर बाराशे.

रोचेस्टरकरीण
माझ्याकडे बॅटरीवाला सिंगल स्टेज आहे, म्हणजे एकच पात्यांचा रोल बर्फ ओढतो आणि फेकतोही. पाच-सहा इंच भुसभुशीत बर्फ असेल तर मस्त, रबरी पाती जमिनीला घासत जातात त्यामुळे डांबर अगदी स्वच्छ निघतं, आणि सकाळी सहाला चालवला तरी शेजारी उठत नाहीत. पण थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती घरात ठेवते. ओला जड बर्फ आला की मात्र रडतो बिचारा.

जुना_बफेलोकर
अरे दक्षिणेला म्हणजे ईरी लेकचा सगळा माल तुमच्याकडेच येतो, नोव्हेंबर २०२२ ला ऑर्चर्ड पार्कला ८० इंच बर्फ पडला होता, विसरलात का लोकहो! तेवढा रोज पडत नाही म्हणा. खरी डोकेदुखी प्लोची, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या गाडीची. आपण घाम गाळून सगळं साफ करायचं आणि तो येऊन ड्राइव्हवेच्या तोंडाशी बांध घालून जाणार, मीठ-चिखल-बर्फाचा लगदा, तासाभरात दगड होतो. मशीन त्या बांधासाठी घ्यायचं. टू स्टेजच घे, २४ इंची पुरे. त्यात पुढचा ऑगर (फिरणारा मोठा स्क्रू) बर्फ फोडून आत ओढतो आणि मागचा पंखा लांब फेकतो, चाकं स्वतः चालतात, तुझ्या पाठीवर भार नाही. नवा बाराशेत जेमतेम बसेल. आणि शिअर पिना, म्हणजे ऑगरच्या मुद्दाम कमजोर ठेवलेल्या पिना, जास्तीच्या आणून ठेव. बर्फात गाडलेला पेपर किंवा दगड अडकला की पिन तुटते, ती तुटायलाच असते, तिथे साधा बोल्ट ठोकलास तर गिअरबॉक्स जाईल.

रोचेस्टरकरीण
बांधाचं अगदी खरं 😅 आमच्याकडे तो अजूनही नवरा फावड्यानेच फोडतो. अजून एक, चूटमध्ये (बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळकांड्यात) बर्फ अडकला तर हात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरी नाही, आतल्या ताणामुळे पातं फिरू शकतं. सोबत दांडा मिळतो त्याने काढायचा.

कोथरूड_ते_बफेलो
बॅटरीचा नाद सोडला. इथे जवळच एक वापरलेला २४ इंची टू स्टेज सहाशेला आहे, शनिवारी बघायला जातोय. काय तपासू?

जुना_बफेलोकर
जायच्या आधी सांग की इंजिन थंड ठेवा, तुझ्यासमोर चालू करायला लाव. गेल्यावर गरम लागलं तर शंका घे. शेवटचा गॅस कधी भरला तेही विचार, उन्हाळाभर टाकीत राहिला असेल तर कार्ब्युरेटर चिकटलेला असतो, घासाघीस करायला बरं. आणि चालू करून बघायचं ते बाहेर, गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत नको. पिकअप नसेल तर माझी घेऊन जा.