पहिली-दुसरीला गाणं कसं शिकवू? पेटी येत नाही, आणि दोन मुलांना सगळे 'बेसूर' म्हणतात

माणदेशी_शिक्षिका

नमस्कार. सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग घेते. शाळा द्विशिक्षकी. सर तिसरी-चौथी बघतात आणि गाण्याचं सगळं माझ्याकडे आलंय, कारण डी.एड.ला असताना मी समूहगीतात होते. शाळेत पेटी आहे, पण मला ती वाजवता येत नाही आणि तिचे दोन स्वर बसलेत.

अडचण अशी की परिपाठाला प्रार्थना सुरू झाली की मुलं ओरडतात. हळू म्हणा म्हटलं की आवाजच बंद. त्यात दोन मुलगे आहेत, ते खालच्या एकाच सुरात म्हणत राहतात. बाकीच्यांचा सूर वर गेला तरी हे तिथंच. स्नेहसंमेलन जवळ आलंय. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवलं की त्या दोघांना नुसते ओठ हलवायला सांगा, नाहीतर हातात झांज द्या. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही. वर्गात सगळ्यांत आनंदानं गाणारे तेच दोघं आहेत हो.

मोबाइलवर गाणी लावून नाच घेते. मुलं रमतात, पण त्यातून गाणं येतंय असं काही दिसत नाही. खेळातून करता येईल का? सारेगम केव्हा सुरू करू? रोज पंधरा-वीस मिनिटं मिळतात, आनंददायी शनिवारी जास्त.

कृष्णाकाठ

मॅडम, पेटीची काळजी सोडा. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप घ्या, फुकट मिळतं. आमच्याकडे परिपाठाआधी दोन मिनिटं तानपुरा लावतो, मुलं आपोआप शांत होतात. सूर कोणता लावायचा ते मात्र जाणकारांनी सांगावं, मी आपला अंदाजानं लावतो.

पांढरी_दोन

ताई, त्या दोघांना ओठ हलवायला सांगू नका. बाकीचं सगळं नंतर, आधी हे.

माझी सगळी नोकरी मिरजेच्या बाजूला शाळेत संगीत शिकवण्यात गेली. निवृत्त झाले तरी लहान वर्गांत जाऊन बसते. 'मला गाता येत नाही' म्हणणारी चाळिशी-पन्नाशीतली माणसं खूप भेटतात. जरा खोदून विचारलं की दुसरी-तिसरीतलं काहीतरी निघतं. कुणीतरी म्हणालेलं असतं, तू मागं उभा राहा, गाऊ नकोस. मग तो माणूस जन्मभर गात नाही, स्वतःच्या लेकराला झोपवतानासुद्धा नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाचा सूर अजून घडायचा असतो. तो गाऊनच घडतो, गप्प बसून नाही.

आता ओरडण्याचं बघू. प्रार्थना तुम्ही कुठल्या पट्टीत उचलता? आपण मोठी माणसं बोलण्याच्या आवाजाजवळचा सूर धरतो, त्यात सकाळी गळा जड असतो. या वयाच्या मुलांचा गळा साधारणपणे मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, म्हणजे पेटीवरच्या त्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपासून सहाव्या पांढऱ्या पट्टीपर्यंत, मोकळा चालतो. पांढरी दोनला सा धरला तर सा ते प, एवढीच त्यांची ऐसपैस जागा. त्याखाली उतरलं की त्यांच्याजवळ बोलायचाच आवाज उरतो, आणि बोलण्याच्या आवाजात जोर लावला की ओरड होते. 'हळू म्हणा' म्हटल्यावर आवाज बंद पडतो तोही त्यामुळेच. तिथं खाली हळू गायला त्यांच्याजवळ काही नसतंच. पट्टी वर न्या, निम्मी ओरड त्याच दिवशी जाईल. कृष्णाकाठ, तुमचंही उत्तर यातच आलं : ॲपवर पांढरी दोन, पंचमाचा (सा आणि प वाजणारा) तानपुरा, आवाज बारीक. स्पीकरला जोडू नका. तानपुरा मोठा झाला की मुलं त्याच्यावरून आवाज चढवतात.

ताई, ही पट्टी तुम्हाला उंच वाटली तरी हलक्या गळ्यानं गा, मुलं तुमच्या गळ्याची नक्कल करतात. सरांनी घ्यायचं असेल तर सुरुवात एखाद्या मुलीला करू द्यावी. पुरुषाचा खर्जातला आवाज ऐकून काही मुलं तोच खाली शोधायला जातात. तुमच्या दोघांचं हेच होत असेल का, तेही बघा.

त्या दोघांसाठी दोन खेळ. पहिला घाटातल्या एसटीचा. गाडी पायथ्यापासून चढते, आवाज 'ऊऽऽ' करत खालून वर सरकतो, माथ्यावर थोडा थांबतो आणि घसरत खाली येतो. हातानं घाट दाखवायचा. आपल्या गळ्यात वरचा मजला आहे हे कित्येक मुलांना माहीतच नसतं, ते एसटीत बसून तिथं पोचतात. सगळ्या वर्गाला खेळवा, त्या दोघांना वेगळं काढू नका. दुसरा खेळ जवळ बसवून. मुलाला कुठलाही सूर लावू द्या आणि तुम्ही जाऊन त्याच्या सुराला मिळा. नेहमी आपण उलटं करतो, माझ्या सुरात ये म्हणतो. दोन आवाज एक झाले की कसं वाटतं, हे त्याच्या कानाला एकदा कळू द्या. मग त्याचा हात धरून एकच स्वर वर. आला तर आणखी एक.

आणि कान तपासून घ्या. कान वाहतोय, सर्दी सारखीच आहे, मागच्या बाकावरून सारखं 'काय?' विचारतो, असं काही आहे का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यात ऐकण्याचा दोषही बघतात. तुम्ही त्या मुलाचं नाव आधीच सांगून ठेवा.

रोजचा खेळ म्हणजे हजेरी. हजेरी गाऊन घ्या, फक्त दोन स्वरांत, प आणि ग. मैदानाच्या त्या टोकाला असलेल्या मैत्रिणीला पोरी लांबून हाक मारतात ना, ती बऱ्याचदा याच दोन स्वरांत खाली उतरते, म्हणून गळ्याला नवी नसते. तुम्ही गायचं 'सो-हम' आणि त्यानं त्याच स्वरांत 'ह-जर'. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या नावानं जी शिक्षणपद्धती जगभर चालते, तिच्यात लहान मुलांची सुरुवात याच दोन स्वरांनी होते, पुढं ध येऊन मिळतो. मला या खेळाचं मोल वेगळ्या कारणासाठी वाटतं. रोज प्रत्येक मुलाचा एकट्याचा आवाज तुमच्या कानावर पडतो, आणि परीक्षा चाललीये असं त्याला वाटत नाही. समूहात कोण कुठं आहे ते कधीच कळत नाही. आठवडाभरानं हजेरी एखाद्या मुलीकडे द्या. चुकीच्या सुरात 'हजर' आलं तर काही बोलायचं नाही, पुढचं नाव घ्यायचं.

लयीसाठी दगड. हातात मावतील असे गुळगुळीत, ओढ्यातले. मुलं गोलात मांडी घालून, प्रत्येकापुढं एक दगड. कहरवा तालाच्या आठ मात्रा मोजायच्या. एकला आपला दगड उचलायचा, पाचला उजवीकडच्यापुढं ठेवायचा, पुन्हा एकला आपल्यापुढं आलेला उचलायचा. हे जमलं की त्यावर गाणं. लय चुकली की कुणापुढं तरी दगडांचा ढीग होतो आणि सगळी हसतात. ज्याच्यापुढं ढीग झाला त्याला बाद करू नका. बाद करण्याच्या खेळात ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज तोच आधी बाहेर जाऊन बसतो, आणि ज्याला येतंय तो शेवटपर्यंत खेळतो. मला हे फार खटकतं. ढीग झालेल्यानं पुढच्या फेरीला टिपऱ्या घेऊन मात्रा वाजवायच्या. पुढं सहा मात्रांचा दादरा घ्या, एकला टाळी, चारला खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात नुसता बाजूला. कहरव्यात खाली पाचला. नावं सांगायची घाई नको, हात आपले हलू देत.

'मनातलं गाणं' हा मला सगळ्यांत आवडणारा खेळ. चालत चालत गायचं, तुम्ही मूठ मिटलीत की आवाज बंद, पण पाय चालू आणि गाणं मनात चालू. मूठ उघडली की गाणं जिथं पोचलं असेल तिथून सगळ्यांनी मोठ्यानं उचलायचं. पहिल्यांदा गोंधळ होतो. एकदा जमलं की मुलं स्वतःच मागतात. सूर आत धरून ठेवणं म्हणजे काय, हे समजावायला माझ्याजवळ याहून चांगला मार्ग नाही.

सारेगम दुसरीच्या दुसऱ्या सत्रात, आणि तेही सगळे सात नकोत. भूप रागाचे पाच, सा रे ग प ध. म आणि नी नाहीत, त्यामुळे ग-म, नी-सां ही अर्ध्या अंतराची अवघड जागा येत नाही. या पाचांतले कुठलेही स्वर कुठल्याही क्रमानं लावले तरी कानाला खुपत नाहीत, म्हणून मुलांना स्वतःची चाल रचायला सांगता येतं. आपल्या गावच्या नावाला चाल लावा म्हणा. खडूनं फरशीवर चौकोन आखून त्यावर उड्या घ्या, म आणि नीची जागा मोकळी सोडून.

शनिवारी काचेच्या सारख्या बाटल्या आणा. कमी-जास्त पाणी भरून चमच्यानं वाजवा, जास्त पाण्याची खालचा सूर देते. मग त्याच बाटल्यांच्या तोंडावर फुंकर घाला, आता जास्त पाण्याची वरचा सूर देते. असं उलटं का, ते मुलांना सांगू द्या. ठोकल्यावर काच आणि पाणी थरथरतं, फुंकल्यावर आतली हवा. सरांच्या तिसरी-चौथीलाही बोलवा.

मोबाइलवरच्या गाण्यांचं थोडक्यात : नाचायला ठीक, गायला नको. त्यांची पट्टी आणि धाव मोठ्या गायकांच्या गळ्याची असते.

टाळमृदंग_पंढरपूर

वरचं सगळं पटलं. मी पखवाज वाजवतो, शाळेचा मास्तर नाही. आमच्या भागात घराघरात भजन आहे, तुमच्या पोरांच्या पायात पावली, म्हणजे भजनाच्या ठेक्यावर टाकायची पावलं, आधीच असणार, ती वापरा. बोल आधी तोंडानं म्हणू द्या, 'धा गे ना ति न क धि न', चालत चालत, धा ला उजवा पाय. वाद्य नंतर. टाळ द्यायचे तर एका वेळी एकच जोडी, आणि वर्गात नको, पटांगणात. बंद खोलीत दहा जोड्या वाजल्या की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. वस्तीवर गजी ढोल (धनगरांच्या गजी नाचाचा ढोल) वाजवणारे कुणी आजोबा असतील तर शनिवारी बोलवा. ढोलाची लय हळूहळू कशी चढते ते पोरांना समोर बसून बघू दे.

माणदेशी_शिक्षिका

सगळ्यांचे आभार. दोन आठवडे थांबून लिहितेय, करून बघितल्यावरच लिहायचं होतं.

पट्टी वर नेली. पहिल्या दिवशी मुलं दचकली, पण ओरड खरंच कमी झाली. सर व्हरांड्यात येऊन उभे राहिले. हजेरी आता गाऊनच होते, मी विसरले तर मुलं आठवण करून देतात. एसटीच्या खेळात त्या दोघांपैकी एकाचा आवाज असा वर गेला की तोच माझ्याकडे बघत राहिला. सगळी प्रार्थना त्याला अजून येत नाही, पण प-ग नेमकं लावतो. दुसऱ्याच्या आईला विचारलं तर त्याचा एक कान पावसाळ्यापासून वाहतोय. पथकाला यायला वेळ आहे म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलंय, औषध सुरू झालं. गजी ढोलवाले एका मुलीचे आजोबाच निघाले, या शनिवारी येतायत.

दोन प्रश्न राहिले. स्नेहसंमेलनाला काय बसवू? आणि एक पालक विचारतात, मुलीला दुसरीतच गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक या संगीत परीक्षेला बसवायचं का?

पांढरी_दोन

कानाचं वाचून बरं वाटलं, औषध पूर्ण होईपर्यंत मागं लागा. आंघोळीला कानात पाणी जाऊ देऊ नका म्हणावं. त्याला समूहात मधोमध उभं करा, चांगला कान तुमच्या बाजूला. ओळीच्या टोकाला नको.

परीक्षा आत्ता नको. प्रारंभिकला राग, ताल, शास्त्राची थोडी उत्तरं असतात. आवड टिकली तर चौथी-पाचवीत घरी शिकवणारं कुणी बघून बसवावं. आत्ता त्या मुलीला हजेरी घ्यायला द्या.

संमेलनाला नवं काही बसवू नका, दगडांचा खेळच रंगमंचावर न्या. मुलं गोलात नको, अर्धवर्तुळात, म्हणजे लोकांना हात दिसतील. शेवटच्या मुलापुढं दगड साचतील, त्यानं ते पाटीत (टोपलीत) टाकत जायचं. पहिल्याशेजारी भरलेली पाटी. त्यावर प ते सा एवढ्यात मावणारं तुमच्या भागातलं एखादं खेळगाणं, भोंडल्यातलं किंवा आजोबा सांगतील ते, दोनदा म्हणा. दुसऱ्यांदा मधल्या दोन ओळी 'मनातल्या'. दगड वाजत राहतील आणि गाणं पुन्हा वर येईल. पालक आपोआप गप्प होतात तिथं.

साउंडवाल्याला आधी भेटा. एकेका मुलाच्या तोंडाशी माइक नको, दोन माइक समोर, थोडे लांब, आणि एक खाली दगडांजवळ. वाजवलेला ट्रॅक अजिबात नको. सूर द्यायला तुमचा फोन पडद्यामागं, पांढरी दोनवर. सुरुवातीचा सा तुम्ही द्या, आणि तो देण्याआधी दोन श्वास थांबा. स्टेजवर घाईत दिलेला सूर नेहमी खाली येतो.