संकटाने जे दिले ते, आणि जे दिले नाही तेही: नागपूरकरांचे अनुभव

आयुष्यात अचानक उभ्या राहिलेल्या अडचणीतून काही चांगले हाती लागले का, असे मी नागपुरातील आणि आसपासच्या काही परिचितांना विचारले होते. संकटाने माणूस घडतो, हे सरसकट विधान मला पटत नाही, कारण संकटाने खचलेली माणसेही मी जवळून पाहिली आहेत. म्हणून तात्पर्य न सांगता प्रत्यक्ष घडले तेवढेच लिहावे, अशी विनंती केली होती. आलेल्यांपैकी काही अनुभव देत आहे. आपणही आपले अनुभव जोडावेत.

महाल, बँक कर्मचारी

बाबांना पक्षाघात झाला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणे गेले. आमचे सगळे त्यांना समजत असे. मात्र ‘पाणी’ एवढा शब्दही ओठांपर्यंत येऊन अडत असे आणि त्यांचे डोळे भरून येत. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की अनेकांची भाषा अशी हरवते आणि त्याला वाचाघात म्हणतात, हे आम्हाला तेव्हा कळले. गावी असताना बाबा खंजिरीवर भजने म्हणत. एका गुरुवारी भेटीला आलेल्या शेजारच्या काकांनी सहज भजन धरले आणि दुसऱ्या ओळीपासून बाबा त्यांच्याबरोबर स्पष्ट शब्दांत म्हणू लागले. आई कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आली. गाण्यात मेंदूच्या उजव्या भागाचाही मोठा सहभाग असतो, त्यामुळे बोलणे गेलेल्या काहींना गाता येते, आणि सुरावर शब्द बसवून बोलणे परत आणण्याची एक उपचारपद्धतीच आहे, असे स्पीच थेरपिस्टने आम्हाला समजावले. तेव्हापासून बाबा डाव्या हाताने मांडीवर ताल धरत आणि आम्ही सगळे त्यांच्यासोबत ‘पाणी दे’, ‘खिडकी लाव’ अशी साधी वाक्ये सुरात म्हणत असू. त्यांचे बोलणे पूर्वीसारखे झाले नाही. पण एरवी जेवणापुरते भेटणाऱ्या वडिलांजवळ मी तासन्‌तास बसू लागले, आणि त्यांचा आवाज किती गोड आहे हे मला त्या दिवसांत कळले.

कॉर्पोरेशन कॉलनी, गृहिणी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि काही तासांच्या मुसळधार पावसाने आमचा तळमजला पाण्याखाली गेला. वरच्या मजल्यावरील कुटुंबाशी पाण्याची मोटार लावण्याच्या वेळेवरून आमचा अबोला होता. त्याच घरातील मुलाने अंधारात खाली उतरून माझ्या सासूबाईंना पाठीवर घेऊन वर नेले. पुढे कित्येक दिवस दोन्ही घरांचा स्वयंपाक त्यांच्याच गॅसवर होत होता. फ्रिज, दिवाण, वर्षभराचे धान्य, सगळे गेले; अबोलाही त्यानंतर राहिला नाही.

(या शेजारधर्माचे मोल मोठे आहेच, पण त्याचे कौतुक करताना नदीचे पात्र मोकळे राहिले पाहिजे ही मागणी मागे पडू नये, असे हे अनुभव गोळा करताना मला मनापासून वाटते.)

काटोल, संत्रा बागायतदार

कोरोनाच्या काळात पुण्यातील नोकरी गेली आणि मी घरच्या बागेत परतलो. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, थंडीत बागेचे पाणी तोडून ताण देतात. पाने मलूल होतात, काही गळतात, आणि नंतर पाणी सोडले की झाडे पांढऱ्या फुलांनी भरून जातात. पहिल्या हंगामात ती कोमेजलेली बाग पाहून मला स्वतःचीच अवस्था आठवे. पण वडिलांनी त्याहून महत्त्वाची गोष्ट दाखवली. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस पुरतो, भारी जमिनीत अधिक दिवस द्यावा लागतो, आणि तो लांबला तर फांद्यांवर सल येते, म्हणजे काड्या वाळतात, आणि झाड कायमचे कमजोर होते. म्हणून ते रोज सकाळी प्रत्येक ओळीतून फिरून पाने पाहत. मला नोकरी गेल्याबद्दल त्यांनी एकदाही विचारले नाही. दुसऱ्याच आठवड्यात ओलिताची पाळी मात्र माझ्यावर सोपवली.

मानेवाडा, शिवणकाम

माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. त्यात मला सुंदर काहीही सापडले नाही आणि तसे शोधण्याची इच्छाही नाही. त्या दिवसांत येणारे बहुतेक जण धीर धरायला सांगत. एक मावशी मात्र न विचारता भांडी घासून, मुलांचे डबे भरून जात. आता कोणाच्या घरी असे दुःख घडले की मी समजावायला बसत नाही. त्यांच्याप्रमाणेच काम करून येते.

या शेवटच्या अनुभवावर मी काही भाष्य करणार नाही. पुढे लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, त्या काळात नेमके कोण कशासाठी उपयोगी पडले, हे आवर्जून लिहावे. विशेषतः वाचाघात झालेल्या व्यक्तीची घरी काळजी घेणाऱ्यांनी आपली दिनचर्या सविस्तर सांगितली, तर अशाच प्रसंगातून जाणाऱ्या कुटुंबांना तिचा थेट उपयोग होईल.