सल्ला हवा: 16 वर्षांची लेक, 8 वर्षांचा मुलगा आणि तीन दिवसांची जंगलसहल

सईचीआई: मेच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून निघायचंय. स्वतःची गाडी, चौघांचं बजेट 20 हजार. धाकटा आत्तापासून दुर्बीण गळ्यात घालून फिरतोय. लेक म्हणते, "झाडं बघायला एवढ्या लांब कशाला? मी आजीकडे राहते." तिला ओढून न्यायचं नाहीये, पण सोडूनही जायचं नाहीये. सुचवा.

जंगलवेडा: ताडोबा! डोळे झाकून. मे महिन्यात प्राणी पाणवठ्यावर येतातच. आम्हाला पहिल्याच सफारीत वाघीण आणि बछडे. मंगळवारी जंगलाचा गाभा (कोअर) बंद असतो, तेवढं बघा.

सईचीआई: दादा, बजेट 20 हजार आहे. चंद्रपूर गाठण्यातच एक दिवस जाईल.

जंगलवेडा: वाघापुढे पैशाचं काय घेऊन बसलात! शिवाय कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, लेकीचा फोन आपोआप सुटेल.

मालवणी_मेवा: तिचा फोन काढून घ्यायला सहल काढतायत का? तारकर्लीला न्या. स्नॉर्केलिंग करेल, मासे खाईल, खूश होईल.

नीलिमा_के: मेअखेर तिकडचे जलक्रीडा प्रकार पावसाळ्यासाठी बंद होतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही. आम्ही ऐन वेळी पोचलो आणि नुसता किनारा बघून परतलो. आधी फोन करून विचाराच.

मालवणी_मेवा: किनारा 'नुसता' नसतो हो ताई.

भटक्या७७: भंडारदरा. काजवे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, घाटघर, उडदावणे, पांजरे भागात. हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडंच्या झाडं एका तालात लुकलुकतात. शनिवार-रविवार जाऊ नका, गाड्यांच्या दिव्यांनी सगळं बिघडतं. गावात घरगुती राहणं-जेवण मिळतं, तुमच्या बजेटात आरामात बसेल.

जंगलवेडा: काजवे आमच्या फार्महाउसवरही येतात.

पुणेरी_बाबा: भंडारदराच. काजवे बघा.

मीनाक्षी_ठाणे: जागेपेक्षा मुलीचं बघा. माझा थोरला असाच होता. त्याला मावसभाऊ बरोबर घेऊ दिला, सकाळी झोपू दिलं आणि एक दिवस काय करायचं ते त्यालाच ठरवू दिलं. धाकटीबरोबर पहाटे पक्षी बघायला मी एकटी जायचे. दोघांना एकाच दोरीला बांधलं की दोघंही वैतागतात. आणि धाकट्याला सांभाळायचं काम तिच्या गळ्यात मारू नका, सहलीत तरी.

पुणेरी_बाबा: आमच्या वेळी मुलांना विचारायची पद्धत नव्हती. तरी सगळे जायचो.

मीनाक्षी_ठाणे: काका, जायचो. पण मागच्या सीटवर तोंड फुगवूनच.

सईचीआई: सगळ्यांचे आभार. मीनाक्षीताईंचं वाचून लेकीलाच ठिकाण निवडायला दिलं. तिने आंबोली काढलं, तेही जूनच्या शेवटी! मलबारी उडता बेडूक पाण्यावरच्या फांदीला फेसाचं घरटं करतो, ते तिला कॅमेऱ्यात टिपायचंय. मैत्रीण बरोबर येणार. शाळा बुडेल, बुडू दे.

भटक्या७७: पावसात? 8 वर्षांच्या मुलाला घेऊन? काजवे सोडून बेडूक?

मालवणी_मेवा: आंबोली आमच्याच जिल्ह्यात, झकास! वीकांताला धबधब्यावर मरणाची गर्दी असते, मंगळवार-बुधवार धरा. निपाणी-आजरा मार्गे या. रात्री बेडूक शोधायला स्थानिक जाणकार घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, मलबारी चापडा हा विषारी साप फांदीवर हाताच्या अंतरावर बसलेला असतो. पोरांना घोट्यावर येणारे बूट, प्रत्येकाला स्वतंत्र विजेरी. बेडकावर फ्लॅश मारू नका, हे लेकीला आधीच सांगा.

जंगलवेडा: दिवाळीत तरी ताडोबा करा.