जमीन तापली म्हणून पाऊस?

उन्हाळा कडक, म्हणजे मान्सून जोरात, असं नेहमी म्हटलं जातं. मान्सून म्हणजे मोठ्या प्रमाणावरचे खारे वारे (जमीन तापली की समुद्रावरून येणारे), हे खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीचं १६८६ मधलं चित्र आपण सगळेच शाळेत शिकलो. हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांचा त्यावरचा आक्षेप अगदी साधा आहे: जमीन जुलैपेक्षा मे महिन्यात जास्त तापते, आणि दुष्काळी वर्षात तर चांगल्या पावसाच्या वर्षापेक्षाही जास्त. मग पाऊस का नाही? १९८० मध्ये त्यांनी आणि डी. आर. सिक्का यांनी उपग्रहांची रोजची चित्रं तपासून दाखवलं की मान्सून म्हणजे विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टाच, उत्तरेला सरकून आपल्यावर आलेला. त्याच वेळी दुसरा पट्टा हिंदी महासागरावर अधूनमधून तयार होतो, आणि दोघांत रस्सीखेच चालते.

एल निनोचंही तेच. पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलं (तोच एल निनो) की आपला पाऊस घटतो, हे समीकरणही इतकं सरळ नाही. १९९७ ला तो प्रचंड होता, तरी देशात पाऊस सरासरीहून किंचित जास्तच. २००२ ला त्यापेक्षा बराच सौम्य, आणि जुलै कोरडा ठणठणीत! गाडगीळबाईंच्या मते फरक हिंदी महासागराचा: विषुववृत्तावर आफ्रिकेच्या बाजूला ढग जास्त असले तर आपला फायदा, सुमात्राकडे असले तर तोटा. म्हणून नुसत्या पॅसिफिककडे बघून केलेल्या भाकितांवर माझा भरवसा नाही.