प्रति: युद्धकाळात थेटरवाले जुनी मशीनं का घ्यायचे?

वरती कुणीतरी म्हटलंय की १९३९ नंतर नवं प्रोजेक्टर मिळत नव्हतं म्हणून जुनं घ्यायचे. बरोबर हाय भावा, पण मशीन घेऊन भागतंय होय? जर्मनीच्या एर्नेमान कंपनीचं प्रोजेक्टर असलं तर लढाई लागल्यावर स्पेअर येणार कुठनं, शत्रूदेशाशी व्यापारच बंद. त्यात प्रोजेक्टरच्या आर्क दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळून संपणाऱ्या, त्या सारख्या लागणारच. जुनं घेताना रंगबिंग बघू नये, स्प्रॉकेटचे, म्हणजे फिल्म पुढं ओढणाऱ्या चाकाचे, दात बघावेत, झिजून हुकासारखे वाकले असतील तर फिल्मच्या कडेची भोकं फाडतंय, मग वितरक बोंबलतोय. आणि आपल्या कोल्हापूरचं म्हणाल तर पहिल्या महायुद्धाच्या काळात सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेराच इथं बनवला, १९१८ ला! नाद करायचा नाय.